जुन्या स्ट्रोकचा एमआरआय बघताना डागापाशीच थांबू नका

सहा महिन्यांपेक्षा जुन्या स्ट्रोकचा एमआरआय आला की बरेच जण पोकळी बघतात, बाजूचा ग्लायोसिस (मेंदूतला व्रण) बघतात, रिपोर्ट लिहितात, झालं. पण त्या जागेशी जोडलेले लांबचे भागही हळूहळू सुकतात, आणि पेशंटचा हात का सुधरत नाही ह्याचं उत्तर कितीदा तरी तिकडे खालीच सापडतं.

समजा डाव्या एमसीएचा (मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा) इन्फार्क्ट आहे, म्हणजे रक्त न मिळाल्याने तिथला भाग मेलाय, आणि उजवी बाजू लुळी. टी-टू आणि फ्लेअर ह्या एमआरआयच्या मालिका उघडा आणि इंटर्नल कॅप्सूलपासून (मेंदूतून खाली जाणाऱ्या धाग्यांचा जुडगा) ब्रेनस्टेमच्या मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला ह्या भागांतून असं एकेक स्लाइस खाली उतरत जा. मिडब्रेनला थांबून झूम करा, तिथले दोन सेरेब्रल पेडंकल, म्हणजे हेच धागे वाहून नेणारे दोन खांब, मिकी माउसच्या कानांसारखे दिसतात, त्यातला डावा कान बारीक, चपटा झालेला असेल आणि आत पांढरट पट्टा असेल तर ते वॉलेरियन डिजनरेशन, म्हणजे वरची पेशी मेली की तिचा लांब धागा पार खालपर्यंत झिजतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हेच दाखवलं होतं. फक्त एक, पेशंटचं डोकं तिरकं असेल तर धडधाकट माणसाचे पेडंकलपण लहानमोठे दिसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे इंटर्नल ऑडिटरी कॅनाल (कानाच्या नसेचे हाडातले बोगदे) एका स्लाइसमध्ये येतायत ना ते आधी बघून घ्या.

अशा झिजलेल्या धाग्यांचा पॉन्समध्ये दिसणारा पांढरा ठिपका नवीन स्ट्रोक म्हणून लिहिलेला मी बघितलाय, घरचे लोक रात्रभर झोपले नव्हते. म्हणून डिफ्युजन (ताजा स्ट्रोक दाखवणारी मालिका) बघाच, आणि ठिपका वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये त्याच ट्रॅक्टवर (धाग्यांच्या वाटेवर) सलग जातोय का तेही बघा.

डीटीआय (धाग्यांची अवस्था मोजणारा एमआरआय) असेल तर दोन्ही पेडंकलवर सारखाच छोटा गोल काढा, कडेचं पाणी आत येऊ देऊ नका नाहीतर एफए (धागे किती शाबूत आहेत त्याचा आकडा) उगाच कमी येतो. आकडा मशीनप्रमाणे बदलतो, म्हणून त्याच पेशंटच्या चांगल्या बाजूशी तुलना करा.

आता सेरेबेलम (लहान मेंदू), आणि इथे बाजू उलटी बघायची! कॉर्टेक्सकडून (मेंदूच्या वरच्या थराकडून) सेरेबेलमकडे येणारा निरोप पॉन्समध्ये बाजू बदलतो, म्हणून डाव्या स्ट्रोकमध्ये उजवा सेरेबेलम थंडावतो, त्याचं काम आणि रक्तप्रवाह कमी होतो. लांबचा भाग असा मंदावण्याला मेंदूतज्ज्ञ फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्ये डायास्किसिस नाव दिलं, पण प्रत्यक्ष दिसलं ते १९८० च्या सुमारास पेट स्कॅनवर. पेट नसेल तर एएसएल (रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय) करा, इंजेक्शन लागत नाही, काही मिनिटांत होतं, मग दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह मोजून फरक काढा. साध्या टी-टूवर उजव्या सेरेबेलमच्या घड्यांमधल्या भेगा रुंद झाल्यात का तेही बघा. तिथे पाचरीसारखा डाग असेल तर मात्र तो सेरेबेलमचाच वेगळा इन्फार्क्ट आहे, व्हर्टिब्रल आर्टरी (मानेतून मेंदूच्या मागच्या भागाला जाणारी धमनी) तपासा.

रिपोर्टमध्ये बाजू आणि लेव्हल नीट लिहा, आणि "नवीन स्ट्रोक नाही, जुन्याचाच परिणाम" हे वाक्य अगदी स्पष्ट टाका, फिजिओवाले आणि घरचे दोघंही तेच शोधत असतात.