वाङ्मयचौर्य टाळायचे, तर टिपणवहीपासून सुरुवात करा

पदवी आणि पदव्युत्तर वर्गांचे प्रकल्प तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: जाणूनबुजून चोरी करणारे विद्यार्थी थोडे असतात, बहुतेकांची चूक टिपणे काढतानाच होऊन गेलेली असते. दोन महिन्यांपूर्वी एखाद्या पुस्तकातला परिच्छेद वहीत जसाच्या तसा उतरवलेला असतो, त्याला अवतरणचिन्हे नसतात, पृष्ठक्रमांक नसतो, आणि लिहायला बसल्यावर ती वाक्ये आपलीच वाटू लागतात. म्हणून वाङ्मयचौर्य टाळण्याची तयारी लेखनाच्या कितीतरी आधी करावी लागते.

पहिले काम म्हणजे प्रश्न ठरवणे. ‘महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना’ हे नुसते शीर्षक झाले. त्यावर इतके लिहिले गेले आहे की विद्यार्थ्याच्या हाती उतरवण्यावाचून काही उरत नाही. त्याऐवजी ‘१९७२-७३ च्या दुष्काळात आपल्या तालुक्यात कोणती कामे निघाली आणि त्यांतली आज कोणती वापरात आहेत?’ असे विचारले, तर या प्रश्नाचे तयार उत्तर सहसा कुठेच मिळणार नाही. ते शोधावे लागेल, आणि जे स्वतः शोधले ते लिहिताना दुसऱ्याच्या वाक्यांचा आधार फारसा लागत नाही.

वाचनाची सुरुवात विश्वकोशातील नोंदीने किंवा जिल्हा गॅझेटियरने (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाने) करावी, पण तेथे थांबू नये. ‘दुष्काळातून रोजगार हमी योजना जन्मली’ हे विधान अनेक लेखांत आढळते. मागे जाऊन पाहिले, तर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना दुष्काळाच्या आधीच मांडली होती आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोगही झाला होता, असे दिसते. कायदा १९७७ चा असला, तरी त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला. योजनेच्या खर्चाला हातभार लावण्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावण्यात आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचत होता. मूळ कायदा समोर ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला असे दुवे दिसतात, आणि त्यांवर त्याला स्वतःचे काही म्हणावेसे वाटते.

आता टिपणांची पद्धत. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि पृष्ठ आधी लिहावे. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही नोंदवावी. नंतर पानावर उभी रेघ मारून डावीकडे मूळ मजकूर अवतरणचिन्हांत आणि उजवीकडे आपल्याला काय वाटले, कोणती शंका आली, हे लिहावे. ज्या टिपणाची उजवी बाजू कोरी राहिली, ते अजून पचलेले नाही असे समजावे आणि त्यावरून लेखन करू नये. संगणकावर काम करणाऱ्यांनी झोटेरो हे संदर्भ नोंदवून ठेवणारे मोफत सॉफ्टवेअर वापरले तरी चालेल. शिस्त मात्र हीच हवी.

सारांश लिहिताना सर्वाधिक चुका होतात, म्हणून एक उदाहरण पाहू. समजा, एखाद्या लेखात असे वाक्य आहे: ‘दुष्काळात सरकारने रस्ते आणि पाझर तलावांची कामे काढून ग्रामीण मजुरांना गावाजवळच रोजगार दिला.’ याचे ‘अवर्षणात शासनाने मार्ग व पाझर तलावांची कामे सुरू करून खेड्यातील श्रमिकांना गावानजीकच काम दिले’ असे केले, तर शब्द बदलले पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला. हे वाङ्मयचौर्यच आहे. त्यापेक्षा पुस्तक मिटावे, थोड्या वेळाने कोऱ्या कागदावर आपल्या प्रश्नाच्या अंगाने लिहावे: ‘कामे गावाजवळ निघाल्यामुळे मजुरांना घर सोडावे लागले नाही, असे या लेखकाचे म्हणणे आहे, आमच्या तालुक्यात मात्र कामे किती अंतरावर होती, हे तपासले पाहिजे.’ मग मूळ मजकुराशी ताडून पाहावे आणि संदर्भ द्यावा. संदर्भ सारांशालाही द्यावा लागतो, केवळ अवतरणाला नव्हे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीला जपले पाहिजे. इंग्रजी लेखाचा अनुवाद करून तो स्वतःचा म्हणून देणे हीही चोरीच आहे, मग ती तपासणीत सापडो वा न सापडो. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला मजकूरही आपला नव्हे. शिवाय ही साधने अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे बिनदिक्कत देतात, म्हणून जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही तो सूचीत घालू नये.

ज्येष्ठांच्या आठवणी हेही संदर्भसाधन आहे. त्या दुष्काळात सुकडी (मदत म्हणून वाटलेले पौष्टिक पीठ) आणि लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन खडी फोडलेल्या आजींशी बोलताना आधी त्यांची परवानगी घ्यावी, गाव आणि तारीख नोंदवावी, त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत ठेवावेत आणि श्रेयही त्यांना द्यावे. त्यांचे बोलणे छापलेले नाही, म्हणून ते कुणाचेच नाही असे होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराच्या इतर लेखनाशी असलेल्या, सॉफ्टवेअरने मोजलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीत धरली जात नाहीत. पण टक्केवारी हे ध्येय मानू नये. नऊ टक्क्यांत एखाद्याचा संपूर्ण युक्तिवाद उचललेला असू शकतो, आणि तो यंत्राला नव्हे, विषय जाणणाऱ्या परीक्षकाला दिसतो.

पहिला कच्चा खर्डा सादरीकरणाच्या किमान तीन आठवडे आधी तयार ठेवावा, कारण घाईत संदर्भ सुटतात. त्यातील प्रत्येक परिच्छेदाच्या समासात ‘हे मला कुठून कळले?’ याचे उत्तर पेन्सिलीने लिहावे. जेथे उत्तर सापडत नाही तेथे पुन्हा टिपणवही उघडावी, आणि तिच्यातही सापडले नाही तर ग्रंथालयात जाऊन मूळ पान काढावे. मार्गदर्शकांकडे जाताना खर्ड्यासोबत ही वहीही न्यावी.