वेबपेजवर ₹ किंवा © नीट दिसत नाही? या चुका टाळा

चिन्ह बिघडलं की बहुतेक जण आधी फॉन्ट बदलायला धावतात. फॉन्टचा दोष त्यामानाने क्वचितच असतो. चिन्हाच्या जागी नेमकं काय उमटलंय ते आधी बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

एचटीएमएलमध्ये चिन्ह थेट टाइप करण्याऐवजी त्याच्या क्रमांकाचा कोडही लिहिता येतो. प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकट (�) दिसत असेल तर कोडच्या शेवटचा अर्धविराम गळलाय का ते पाहा. रुपयाचा कोड &#8377; असा आहे. अर्धविराम विसरला तरी पुढे मोकळी जागा असेल तर ब्राउझर सांभाळून घेतो, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लपून राहते. पण &#8377500 लिहिलं की तो ८३७७५०० हा एकच क्रमांक समजतो. युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीचे, क्रमांक १११४१११ वर संपतात. मग ₹ तर जातोच, ५००ही त्याच्याबरोबर जातात. बरोबर रूप: &#8377;500.

कोडच जसाच्या तसा पानावर छापला गेला, तर मराठी कीबोर्ड चालू राहिला होता का ते तपासा. &#८३७७; ब्राउझरला कळत नाही, कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत. ते ठीक असतील तर कंट्रोल-यू दाबून सोर्स बघा. तिथे &#38;#8377; असं काही दिसलं, तर एडिटरने तुमच्या & चाही कोड करून टाकलाय. मजकुराच्या खिडकीत कोड टाइप केला की हे होतं. तो एचटीएमएलच्या खिडकीत टाका, नाहीतर सरळ ₹ टाइप करा. जावास्क्रिप्ट आणि सीएसएसमध्ये हे कोड चालत नाहीत, तिथेही थेट चिन्हच बरं.

भलतंच अक्षर आलं तर क्रमांकाची पद्धत चुकली. युनिकोडच्या तक्त्यात दंडाचा (।) क्रमांक ०९६४ दिलेला असतो, पण तो सोळा-आधारी (हेक्साडेसिमल) आहे. &#0964; लिहिलंत तर ग्रीक टाउ उमटेल. दशमान क्रमांक २४०४, म्हणून &#2404;.

एका ₹ च्या जागी तीन विचित्र चिन्हं, आणि मराठी मजकुराचीही तीच गत? मग एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, बघा. यूटीएफ-८ मध्ये ₹ तीन बाइटचा असतो आणि ब्राउझर ते तिन्ही सुटे वाचतोय. पानाचं एन्कोडिंग सांगणारा कॅरसेटचा मेटा टॅग हेडमध्ये अगदी वर, फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवा. तो असूनही फरक पडला नाही तर सर्व्हर हेडरमध्ये वेगळं एन्कोडिंग पाठवतोय का ते पाहा. सर्व्हरचं म्हणणं मेटा टॅगवर मात करतं. नोटपॅडमध्ये मात्र मराठी फाइल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलीत तर अक्षरांची ???? होतात आणि ती परत मिळत नाहीत.

रिकामा चौकोन दिसला तरच फॉन्टकडे वळा. ₹ युनिकोडमध्ये आला २०१० साली, त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नाही. चिन्ह नवं असताना काही फॉन्टनी तो बॅकटिकच्या (`) कळीवर बसवला होता. अशा जुन्या पानांवर आज `500 दिसतं. तिथे शोधून बदलण्याला पर्याय नाही.

मराठीपुरती एक चूक सहज नजरेतून सुटते. 'दऱ्या'मधला अर्धा र काही जण साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (&#8205;) वापरून लिहितात. मजकूर 'स्वच्छ' करणारी साधनं तो जोडक उडवतात, आणि डोंगरदऱ्यांचा दर्या होतो. त्याऐवजी नुक्त्याचा ऱ (&#2353;) वापरा, त्याला जोडक लागत नाही.