मागे काय उरतं ते बघा

मी एक्स-रे टेक्निशियन. बावीस वर्षं लोकांना दिवसभर एकच सांगत आलेय: "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका... हं, सोडा." आई गेली आणि माझाच श्वास कुठेतरी अडकला. हे सगळं कशासाठी चाललंय, हा प्रश्न रात्री उशाशी येऊन बसायचा. शिबिरं केली, मौन केलं. एका शिबिरात कागद दिला, जीवनाचं ध्येय एका वाक्यात लिहा म्हणाले. मी झोकात लिहिलं, "जगाला प्रेम देणं." त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला आणि मी तो मुद्दाम उचलला नाही.

म्हणून तुम्हाला आधी हेच सांगते: ते वाक्य इतक्यात लिहू नका. छान वाक्य जमलं की शोध संपल्यासारखा वाटतो, तिथेच फसगत होते.

मला वाट सापडली ती इग्नेशियस लोयोलाच्या आजारपणात. हा स्पेनमधला सरदार, पुढे ख्रिस्ती संत झाला. 1521 मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्नं बघायचा. एकात तो शूर सरदार, एका थोर घरच्या स्त्रीची मर्जी जिंकणारा. दुसऱ्यात तो संतांसारखा, सगळं सोडून अनवाणी निघालेला. बघताना दोन्ही गोडच लागायची. फरक नंतर पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं, नाराज व्हायचं. दुसरं संपल्यावरही प्रसन्नता टिकून राहायची. हे त्याच्या ध्यानात आलं आणि पुढचं आयुष्य त्याने त्यावर उभं केलं. त्याचा धर्म माझा नाही, पण ही पारख कुणालाही वापरता येते.

त्यासाठी एक वही घ्या. रात्री दहा मिनिटं बसा आणि सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून सावकाश जाऊ द्या. ज्या प्रसंगानंतर मन ओलं राहिलं तो डाव्या पानावर, ज्यानंतर कोरडं पडलं तो उजव्या. त्या क्षणी काय वाटलं ते लिहायचं नाही, दोन-चार तासांनी काय उरलं ते लिहायचं. आणि "आज सेवा केली" असलं मोघम नको. कोण होतं, तुम्ही काय केलंत, हात कुठे होते, तेवढंच. दिवास्वप्नंही नोंदवा, त्यांना सूट नाही.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी देते. उजवीकडे: "नोकरी सोडून ध्यान शिकवतेय, समोर दोनशे माणसं, सगळी शांत. अर्धा तास मजा. मग जेवताना उगीच चिडचिड." ही नोंद तीन आठवड्यांत सहा वेळा आली! डावीकडे: "एक आजोबा. शर्ट काढायला संकोचत होते. पाठ करून उभी राहिले. प्लेट गार लागेल हं, असं आधीच सांगितलं. म्हणाले, सांगितलंत म्हणून कमी गार लागली." प्लेट गार असते, छाती टेकताना माणूस दचकतो, हलतो आणि फोटो पुन्हा काढावा लागतो, म्हणून मी ते वाक्य बोलते, निव्वळ सोयीसाठी. पण ते आजोबा रात्री झोपेपर्यंत माझ्याबरोबर होते.

इग्नेशियसचा एक नियम मला फार उपयोगी पडला: मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. माझा राजीनामा टाइप करून तयार होता. तो तसाच ठेवला. (खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हे काम वहीचं नव्हे.)

आता प्रेमाचं. नारदाच्या भक्तिसूत्रांत एक शब्द आहे, तत्सुखसुखित्व. त्याच्या सुखात आपलं सुख. डाव्या पानावरच्या प्रत्येक नोंदीला विचारा: इथे सुखी कोण झालं? माझ्या कितीतरी "प्रेमळ" नोंदी या प्रश्नावर गळाल्या, कारण मला हवं होतं ते कौतुक. मात्र याचा अर्थ कुणाचा छळ सोसत राहा असा काढू नका. मार खाऊन समोरच्याला सुखी ठेवणं याला प्रेम म्हणत नाहीत.

रोज पाच मिनिटं मैत्रीभावनाही करा. डोळे मिटून एकेका माणसासाठी "सुखी असो, निर्भय असो" असं मनात म्हणायचं. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध आचार्याने याचा क्रम सांगितलाय: आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही असं, आणि शेवटी ज्याच्याशी बिनसलंय ते. मी अतिशहाणी, थेट आईपासून सुरुवात केली. रोज रडून उठायचे. पुढे वाचलं तर त्याने स्पष्ट बजावलंय की गेलेल्या माणसावर ही भावना करू नये. गोष्टही दिलीय: एक तरुण भिक्खू आपल्या आचार्यांना समोर ठेवून बसतो, काही केल्या जमत नाही, चौकशी केल्यावर कळतं की आचार्य केव्हाच वारलेत. ते वाचून मी हसलेही आणि सुटल्यासारखंही झालं.

खरी मेहनत चौथ्या माणसाची. मी आमच्याकडे फायली नेणारा मुलगा निवडला, चार वर्षं रोज दिसणारा. डोळे मिटले तर त्याचा चेहराच आठवेना. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. डाव्या भुवईवर जुना व्रण होता.

चाळीसेक दिवसांनी डावी पानं एका बैठकीत वाचा आणि फक्त क्रियापदं अधोरेखित करा. हुद्दा, जागा, माणसं सोडून द्या. माझी निघाली: सांगितलं, थांबले, हात धरला, आधी कळवलं. शिकवलं एकदाही नाही. मग त्यातलं एक क्रियापद घ्या आणि पुढच्या आठवड्यात ते अशा ठिकाणी करा जिथे तुम्ही ते करत नाही. मी "आधी कळवलं" घेतलं. बहिणीला मेसेज केला: "रविवारी अकराला फोन करते. आईच्या दागिन्यांबद्दल बोलायचंय. मला राग येईल बहुतेक."

तिचं उत्तर आलं, "मलाही. कर."