बिबट्या दिसला म्हणून पिंजरा मागू नका

आमची सोसायटी मुंबईत गोरेगाव पूर्वेला, आरेच्या जंगलाला खेटून. सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: 'पिंजरा लावायला सांगा.' सेक्रेटरी म्हणून नव्या भाडेकरूंना मी काय सांगते, ते इथे लिहिते.

आधी कचरा. ओला कचरा रात्रभर गेटबाहेर राहिला की कुत्री, डुकरं जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. इथल्या बिबट्यांच्या पोटात भटकी कुत्री बरीच जातात. त्यामुळे डब्याला झाकण हवं आणि डबा गाडीच्या वेळेलाच बाहेर काढायचा. कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्या काकांनी ती कंपाउंडपाशी घालू नयेत. काका रागावतात. रागावू देत.

अंधारात मुलांना एकटं खाली सोडू नका. उघड्यावर जावं लागत असेल तर सोबत आणि बॅटरी हवीच, मोबाइलवर गाणी लावा. खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतो.

समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. मूल असेल तर उचलून घ्या. मोठ्याने बोलत, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका, त्याला जायला वाट द्या. जिन्यात किंवा खोलीत शिरला तर बाहेरून दार लावून वनविभागाला १९२६ वर फोन करा. आणि गर्दी हटवा! हे सगळ्यात अवघड, कारण प्रत्येकाला व्हिडिओ हवा असतो. घेरलेला बिबट्या अंगावर येऊ शकतो.

आता पिंजरा. वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे; मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय तो पकडता येत नाही. पकडून नेला तरी रिकाम्या हद्दीत दुसरा येतो, बहुधा तरणा आणि परिसराला नवखा. २००४ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले वाढले, तेव्हा बाहेर पकडलेले बिबटे तिथे आणून सोडणं हे अभ्यासकांनी एक कारण मानलं होतं. जे परत सोडण्यासारखे नसतात, त्यांचं उरलेलं आयुष्य बचाव केंद्राच्या पिंजऱ्यात जातं.

त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर उद्यानाची दत्तक योजना आहे: खर्च तुम्ही द्यायचा, प्राणी तिथेच राहतो. चौकशीला सोमवार सोडून जा, त्या दिवशी उद्यान बंद असतं.