किमान वेतनाचा तास: आलेख नंतर, वाद आधी

किमान वेतन शिकवताना मी आता फळ्यावर आधी मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत नाही. पूर्वी काढायचो, मुलं तो वहीत उतरवून घ्यायची आणि विषय तिथेच संपायचा. आधी अंदाज लिहून घ्या: वेतन वाढवलं तर नोकऱ्या घटतील का, आणि कशामुळे? पेनानेच. (पेन्सिलीने लिहिलेलं नंतर हळूच खोडतात.)

मग ही गोष्ट सांगा. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड रेस्टॉरंटांची पाहणी केली. रोजगार घटल्याचं दिसलं नाही. इथे थांबू नका. पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी पगाराच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष उलटा काढला. आता वर्ग तापतो. कोण बरोबर, हे सांगून टाकायचा मोह आवरा. आकडे कुठून आले, कुणी मोजले, ते विचारा.

मग गट पाडा. एक गट मागणी-पुरवठा बघेल, दुसरा अर्थतज्ज्ञ केन्सच्या वाटेने मजुरांच्या खर्चातून वाढणारी मागणी, तिसरा मार्क्सच्या वाटेने मालक-मजुरांमधली ताकद, चौथा घरातलं बिनपगारी काम. वीस मिनिटांनी बाजू बदलायला लावा. कुरकुर होते, होऊ द्या.

परीक्षेत निष्कर्षाला मी गुण देत नाही. ‘कोणता पुरावा दिसला तर मत बदलाल?’ याला सर्वांत जास्त देतो. बरेच जण तीच जागा कोरी सोडतात.