'द प्रेस्टीज' घरच्या मंडळीला कसा दाखवायचा, शेवट न फोडता

आधीच सांगून ठेवतो, हे ज्यानं पिक्चर पाहिला आहे आणि आता दुसऱ्यांना दाखवायचा आहे त्याच्यासाठी लिहून राहिलो. पाहिला नसेल तर इथंच थांबा, पाहून घ्या, मग या, कारण खाली सगळं उघडं आहे.

२००६ चा पिक्चर, क्रिस्टोफर नोलनचा, दोन तास दहा मिनिटांचा. जुन्या लंडनमधले दोन जादूगार, अँजियर आणि बॉर्डन, आधी सोबत काम करणारे, मग एकमेकांच्या जिवावर उठलेले. मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला, कानात हेडफोन घालून, आणि रात्री एक वाजता खाटेवर उठून बसलो तर बाजूला बोलायला कोणीच नाही. तेव्हाच ठरवलं की हा एकट्यानं पाहायचा पिक्चरच नाही. यंदा धान घरात आलं, दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, उरकली, आणि ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात घरच्या छपरीत पांढरी चादर बांधून अकरा जणांना दाखवला, त्यात आजी होती, काकाजी होते, मोठी वहिनी होती, चुलत भाऊ आणि शेजारची पोरं होती. आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसाले रातभर नाटक पाहायची सवय आहे, त्यामुळे इंग्रजी पिक्चर हे लोक बसून पाहतील का याची काळजी करू नका, पाहतात, फक्त तुम्ही नीट दाखवला पाहिजे.

सगळ्यात पहिले, कोण पाहायला बसणार आहे ते बघा. यात पाण्याच्या टाकीत बुडून मरणं आहे, आणि फाशी आहे, एक कोर्टाची आणि एक घरातल्या बाईनं स्वतः घेतलेली. आपल्या विदर्भात किती घरांत हे खरोखर घडून गेलेलं आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आमच्या शेजारच्या एका काकूंना मी आधीच बाजूला घेऊन सांगितलं की काकू यात असं असं आहे, त्या म्हणाल्या मग मी नाही येत रे बावा, आणि नाही आल्या. तेवढा शेवट फुटला तर फुटू द्या, पण त्या माणसाला अचानक ते पाहायला लावू नका.

मग सामान. प्रोजेक्टरचा आपला स्पीकर कामाचा नाही, वेगळा स्पीकर लावा, कारण यात अर्ध्या गोष्टी हळू आवाजात बोलतात. लाइटीचा भरोसा नाही, तर लॅपटॉप फुल चार्ज आणि इन्व्हर्टर रिकामा न ठेवता, कारण शेवटच्या वीस मिनिटांत लाइट गेली तर सगळी मेहनत पाण्यात. सबटायटल चालू ठेवा, वाचणारे वाचतात. आणि मोबाइल सगळ्यांचे टोपलीत. माझ्या चुलत भावाला सगळ्यांच्या तोंडाचा व्हिडिओ काढायचा होता, शेवट कळल्यावर कोण कसं दचकते ते टाकायचं होतं त्याले, पण एकदा कॅमेरा समोर आला की आजीसुद्धा पदर सावरून बसते, मग कोण मोकळं दचकणार? रिॲक्शन पाहायची असेल तर मागं बसा आणि लोकांचे हात पाहा, पिक्चर चढला की फुटाणे खाता खाता हात तसाच थांबतो.

आता खरं काम म्हणजे सोबत सोबत सांगणं, कारण सगळ्यांना इंग्रजी येत नाही. इथं बहुतेक जण घात करतात. नियम एकच पाळा, तो जे बोलला ते सांगा, त्याचा अर्थ सांगू नका. आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडच्यांनी सांभाळायची आहे, आपल्या तोंडात 'भाऊ' बसलेला आहे, हा भाऊ असं म्हणते, तो भाऊ तसं म्हणते. या पिक्चरमध्ये बॉर्डनला आणि त्याच्यासोबतच्या त्या दाढीवाल्या गुपचूप माणसाला, फॅलनला, चुकूनही भाऊ म्हणायचं नाही, कारण ते खरंच जुळे भाऊ आहेत, आळीपाळीनं बॉर्डन बनतात, आणि तेच शेवटी फुटते! नाव घ्या नाहीतर 'तो' म्हणा. पिंजऱ्याच्या जादूनंतर लहान पोरगं रडते आणि विचारते की या पाखराचा भाऊ कुठं आहे, ते मात्र जसंच्या तसं सांगा, साध्या आवाजात, आणि पुढं निघा. तिथं आवाज दाबला किंवा हसला की हुशार पोरं पकडतात.

गोंधळ होतो तो काळाचा. बॉर्डन जेलमध्ये बसून अँजियरची डायरी वाचून राहिला, त्या डायरीत अँजियर अमेरिकेत बसून बॉर्डनची वही वाचून राहिला, आणि त्या वहीत अजून जुनी गोष्ट. मी काकाजीले सांगितलं की हा डब्यात डबा आहे, लगेच समजले. त्यातूनही हुकलं तर दोन खुणा द्या, बॉर्डनची बोटं आणि अँजियरचा पाय. डाव्या हाताची दोन बोटं शाबूत असतील तर गोष्ट जुनी, बंदुकीच्या गोळीच्या जादूत बोटं गेली की नंतरची. अँजियर लंगडत काठी घेऊन चालला म्हणजे त्याहून नंतरची. एवढं दिलं की दहा वर्षांचं पोरगंही रस्ता सोडत नाही, आणि ह्यात शेवट काहीच फुटत नाही, उलट बोटांकडं लक्ष लागते, आणि तेच पाहिजे.

बोटांवरून आठवलं ते सांगतोच. बोटं जाऊन बरेच दिवस झाले असतात आणि एका सीनमध्ये बॉर्डनची बायको सारा त्याचा हात बांधून देत असते, आणि तिले समजत नाही की जखम पुन्हा पहिल्यासारखी कशी झाली. मी एवढंच सांगितलं. आजी चादरीकडं पाहत होती, धान कापताना विळा लागलेली बोटं तिनं जन्मभर हळद भरून फडक्यानं बांधलेली आहेत, ती म्हणाली, "हे जुनं नोहे जी. हे कालचं हाय." मी गप्प. ती पुन्हा म्हणाली, "जुन्या घावाले असं रगत येत नाही, त्याले खपली धरते." डॉक्टरनं नीट नसेल शिवलं, असं कोणीतरी म्हणालं आणि पिक्चर पुढं गेला, पण आजीचं बोट तिच्या दुसऱ्या हाताच्या दोन बोटांवर तसंच राहिलं. अशा वेळी तुमची खरी परीक्षा असते, हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, डोळासुद्धा मारायचा नाही.

चहाला कुठं थांबायचं? अँजियर विजेचा शास्त्रज्ञ टेस्ला याच्या मशीनमागं बाहेर येतो आणि रानात काळ्या टोप्यांचा ढीग पाहतो, तिथं. कोणीतरी म्हणतेच की पिक्चर सुरू झाला तेव्हा हेच दिसलं होतं, आणि मग सगळे चहा पिता पिता डोकं लावतात, लावू द्या. टेस्ला हा खरा माणूस, त्यानं १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला खरंच विजेची लॅब टाकली होती, हे चहासोबत सांगायला हरकत नाही. मशीनमधून माणसाची जोड निघते हे मात्र पिक्चरचं. काही लोक इथं नाराज होतात, की जादूचा पिक्चर होता आणि मधेच हे काय आणलं. मला ते पटत नाही, कारण एका बाजूला खरी मेहनतीची फसवणूक आणि दुसऱ्या बाजूला पैसे देऊन आणलेला खरा चमत्कार, हे दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय या दोघांतला फरकच दिसला नसता.

तो माशांच्या भांड्याचा म्हातारा चिनी जादूगार येते ना, चुंग लिंग सू, तोही खरा होता, त्याचं नंतर सांगा. त्याचं खरं नाव विल्यम रॉबिन्सन, अमेरिकेचा गोरा माणूस, वर्षानुवर्षं चिनी बनून राहिला, पेपरवाल्यांशीसुद्धा दुभाष्यामार्फत बोलायचा. मार्च १९१८ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर थिएटरात गोळी झेलायच्या जादूत खरीच गोळी लागली, तेव्हा कुठं स्टेजवर त्याच्या तोंडून इंग्रजी निघालं, आणि दुसऱ्या दिवशी गेला. पिक्चर हे काही सांगत नाही, पण बॉर्डन त्याला पाहून का हरखतो ते यावरून समजते. आपले दादासाहेब फाळकेही प्रोफेसर केळफा नावानं जादूचे प्रयोग करायचे, फाळके उलटं वाचा, केळफा. हे ऐकून पोरं जाम खुश होतात.

पिक्चर संपला की पाच मिनिटं काहीच बोलू नका. लाइट लगेच लावू नका. 'मी म्हटलं होतं ना' हे तर जन्मात म्हणू नका. जो तो आपल्या मनात मागं जाऊन राहिलेला असतो, त्याले जाऊ द्या.

मग प्रश्न येतात. बॉर्डन नेमका मेला का, अँजियर किती वेळा मेला, खरा कोणता. तोंडानं समजावत बसू नका, कप घ्या. आमच्याकडं वहिनीनं चहाचे सारखे दोन कप घेतले, हा एक आणि हा दुसरा, आज हा बॉर्डन आणि तो फॅलन, उद्या उलटं, एकाचा जीव सारावर, दुसऱ्याचा जादूच्या खेळातल्या मदतनीस ऑलिव्हियावर, नाव एक, बायको एक, पोरगी एक. एकाची बोटं गेली म्हणून दुसऱ्यानं आपलीही तोडून घेतली. फाशी गेला तो ऑलिव्हियावाला. मग तिनं तिसरा कप घेतला, अँजियर, मशीनमधून त्याची जोड निघते आणि एक जण टाकीत बुडतो, म्हणून रोज रात्री एक नवीन कप ठेवायचा आणि एक पाण्याच्या बादलीत टाकायचा, ठण्ण. चौथ्या कपाला काकाजी म्हणाले, "बस झालं वैनी, समजलं." पिंजऱ्यातल्या दोन पाखरांची आठवण कोणाला तरी तिथंच येते, एक चेपून मरते आणि दुसरं दाखवतात, तुम्हाला काढून द्यावी लागत नाही. टाकीत बुडाला तो खरा की वर निघाला तो, यावर रात्र घालवू नका, अँजियरला स्वतःलाच मशीनमध्ये पाय ठेवताना माहीत नसायचं की आज आपण कोणता होणार, तर आपल्याला कुठून माहीत असणार. दोघंही तोच.

गाठीचा वादही होतो. अँजियरची बायको पाण्यात बुडाली तेव्हा हात कोणत्या गाठीनं बांधले होते ते बॉर्डन सांगत नाही, मला माहीत नाही म्हणतो, आणि पहिल्यांदा पाहताना त्याचा भयंकर राग येतो. दुसऱ्यांदा पाहताना वाटते की बांधणारा कदाचित दुसराच होता. माझं तरी असंच मत आहे, पण हे पक्कं म्हणून सांगू नका, ज्याचं त्याला ठरवू द्या.

आणि दुसऱ्यांदा दाखवाच, आठवड्याच्या आत, सगळे चेहरे डोक्यात ताजे असताना. यावेळी भाषांतर करायचं नाही, फक्त साराकडं पाहायला सांगा. नवरा माझ्यावर प्रेम आहे म्हणतो आणि ती त्याच्या डोळ्यांत पाहून सांगते की आज नाही, आज खरं नाही. तिला सगळं कळत होतं फक्त कारण कळत नव्हतं, आणि दोन जण मिळून तिला येडी ठरवत होते. पहिल्या वेळेस आपण जादू शोधत असतो म्हणून ही बाई आपल्या डोळ्यांसमोरून निघून जाते.

आमच्याकडं वहिनीनं तो सीन तीन वेळा मागं घ्यायला लावला. मग रिमोट स्वतःच घेतला आणि साराचा प्रत्येक सीन थांबवून सांगत गेली, हा तिचा, हा तिचा नोहे, हा तिचा. एका ठिकाणी अडली. आजी शेकोटीजवळून म्हणाली, "तो नोहे. तिचा असता तर तिच्याकडं पायलं असतं त्यानं."