जोडीने लांबचा प्रवास करायचाय? मोटारसायकल मागच्या सीटपासून निवडा

नांदुरीला चहासाठी गाडी थांबवली, तरी बायको पटकन उतरली नाही. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टेकून ती फुटरेस्टवर अर्धवट उभी राहिली आणि उजवा गुडघा सरळ होईपर्यंत तशीच थांबली. नाशिकहून निघून पन्नासएक किलोमीटर झाले होते, सप्तशृंगी गडाचा घाट अजून पुढे होता. मी पुढच्या सीटवर मजेत आलो होतो. तिच्या मांडीला मात्र दिंडोरी सोडल्यापासून मुंग्या येत होत्या.

"मग सांगितलं का नाहीस?"

"हेल्मेटमधून ओरडून किती सांगणार?"

त्यानंतर वर्षभर लांबचा बेत निघाला की ती म्हणायची, "तू जाऊन ये." गाडीचं इंजिन दमदार होतं, ब्रेक उत्तम होते. पण मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती, फुटरेस्टही वर. टेस्ट राइड मी एकट्याने घेतली होती. पुढची गाडी घेताना आधी ती बसली, मग मी. तेव्हापासून ओळखीच्या बऱ्याच जणांसोबत शोरूममध्ये गेलोय. त्यांनाही हाच क्रम सांगतो, तो इथे सविस्तर लिहितो.

१. आधी रस्ता ठरवा

जोडीने तुमचं खरंच कुठे जाणं होतं, ते कागदावर लिहून काढा. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर, सप्तशृंगी गड ६५, शिर्डी ९०, संभाजीनगर १८०, पुणे २१०. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे संभाजीनगरला जायचं तर निफाड, येवला, वैजापूर हाच आपला रस्ता. हंगामात त्यावर कांद्याच्या ट्रॉल्या असतात, द्राक्षांचे पिकअप असतात, आणि संध्याकाळी कित्येक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. इथे १३० चा वेग कधीच उपयोगी पडत नाही. मागे माणूस, शेजारी दोन बॅगा आणि समोर ट्रॉली असताना गाडी ५० वरून ८० वर किती सहज जाते, ते उपयोगी पडतं. शोरूममध्ये विचारायचे निम्मे प्रश्न या कागदावरूनच सुचतात.

२. वजनाची बेरीज करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. आमची बेरीज अशी: माझं वजन ७८ किलो, तिचं ६४. दोघांची हेल्मेट, जॅकेट आणि बूट मिळून ८. दोन दिवसांचे कपडे आणि बाकी सामान १२. रेनकोट, पाणी, पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप ५. एकूण १६७ किलो.

आता गाडीचं मॅन्युअल मागा. त्यात भारासह गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं आणि पेट्रोल-ऑइलसह गाडीचं स्वतःचं वजनही. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी किती भार वाहू शकते ते कळतं. दोन धडधाकट माणसं आणि भरलेल्या बॅगा एवढ्यातच काही गाड्यांची मर्यादा संपते. मग प्रत्येक खड्ड्यात मागचे शॉक ॲब्सॉर्बर तळाला आपटतात, पुढचं चाक हलकं लागतं, हेडलाइट वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपवतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. बेरीज मर्यादेच्या अगदी जवळ येत असेल तर ती गाडी सोडा.

३. मागची सीट नीट तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि मागे बसणारं माणूस सोबत असल्याशिवाय शोरूमला जाऊच नका.

आधी सीटचा उतार बघा. एकाला गाडी सरळ धरायला सांगा आणि पाण्याची बाटली मागच्या सीटवर आडवी ठेवा. ती घरंगळत पुढे आली तर घाट उतरताना माणूसही तसंच पुढे सरकणार. प्रत्येक ब्रेकला ते तुमच्या पाठीवर येणार, मागे सरकून पुन्हा नीट बसणार, पुन्हा येणार. कसारा घाट उतरेपर्यंत दोघांचीही मनगटं भरून येतात. सीट सपाट असावी, किंवा किंचित मागे झुकलेली.

मग रुंदी. बसल्यावर मांड्या सीटच्या कडेवरून खाली लोंबकळत असतील तर कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

फोम अंगठ्याने दाबून बघा. शोरूममध्ये मऊ सीट फार आवडते, पण मऊ फोम तासाभरात चेपतो आणि खालचं प्लास्टिक टोचायला लागतं. दाबल्यावर थोडा विरोध करणारा फोम लांबच्या पल्ल्याला टिकतो. बाकी सगळं पसंत असेल आणि फक्त फोम नापसंत असेल तर हिरमुसू नका. सीट बनवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून फोम बदलून घेता येतो. फुटरेस्टची जागा मात्र सहसा बदलता येत नाही, म्हणून ती जास्त काटेकोरपणे बघा. मागच्याचा गुडघा काटकोनापेक्षा थोडा उघडा राहायला हवा. टाच सायलेन्सरला किंवा बॅगेला लागता कामा नये, आणि हे रोजच्या चपलेवर न बघता प्रवासात घालायच्या बुटांवर बघा.

धरायला काय आहे? मागचं हँडल कमरेच्या बाजूला, हात सरळ खाली सोडल्यावर सापडेल असं हवं. पाठीमागे हात वळवून धरावं लागत असेल तर खांदे अर्ध्या तासात दुखतात. पाठीला टेकू हवा असेल तर बॅकरेस्ट बसते का ते विचारा. सीटची पायरी फार उंच असेल तर मागच्याचं डोकं तुमच्या बरंच वर येतं आणि सगळा वारा त्याच्या हेल्मेटवर आदळतो, हेही ध्यानात घ्या.

साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसणं गावात चालून जातं. लांबच्या प्रवासात मात्र दोन्हीकडे पाय टाकूनच बसायला हवं. एका बाजूला बसलं की सगळं वजन एकीकडे जातं आणि अचानक ब्रेक लागला तर पाय रोवायला काहीच नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्यासाठी हाताला धरायची सोय, फुटरेस्ट आणि चाकाला साडी गार्ड असावाच लागतो. बॅगांची चौकट बसवताना कुणी साडी गार्ड काढायला सांगितलं तर चौकट बदला. सलवारीचा घेर नाहीतर ओढणी चाकात जायला एक क्षण पुरतो.

आई-वडिलांना न्यायचं असेल तर सीटची जमिनीपासूनची उंची फार महत्त्वाची. मागे टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागे बसवलेली सामानाची पेटी, असेल तर पाय त्याच्यावरून न्यावा लागतो, आणि साठीनंतर ते जड जातं. त्यांना चढायला-उतरायला लावा, तेही तीन-चार वेळा.

४. आता पुढे तुम्ही बसा

मागे माणूस बसवून दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. एकट्याने चवडे टेकले की भागतं. मागे साठ किलो वजन असताना, उतारावर, खडीवर, देवळाबाहेरच्या गर्दीत गाडी सावरायची तर निदान एक तळवा पूर्ण टेकला पाहिजे.

काही आकडे तुलनेला देतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर उंच, वजन १९५ किलो. त्याच कंपनीची मिटिओर ३५० ७६५ मिलिमीटर, १९१ किलो. होंडा हायनेस सीबी ३५० ८०० मिलिमीटर, १८१ किलो. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५ मिलिमीटर, पण वजन १६७ किलोच. सुपर मिटिओर ६५० ची सीट ७४० मिलिमीटर इतकी खाली, वजन मात्र २४१ किलो. उंची आणि वजन दोन्ही एकत्रच बघावं लागतं. माझी उंची बेताची आहे, म्हणून मी कमी उंचीच्या सीटकडे झुकतो. उंच माणसाला व्ही-स्ट्रॉमसारखी उंच, ॲडव्हेंचर पद्धतीची गाडी जास्त मानवते, कारण तिथे दोघांचेही गुडघे मोकळे राहतात.

५. इंजिन: ताकद कुठे मिळते ते बघा

कागदावर मोठी दिसणारी ताकद बहुतेक वेळा इंजिन खूप फिरवल्यावर मिळते. क्लासिक ३५० चा २७ न्यूटन-मीटरचा जोर (टॉर्क) ४००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच, येतो, म्हणून ७०-८० च्या चालीला ती दोघांना घेऊन निवांत जाते. त्यापुढे ओव्हरटेक करताना मात्र जागा बघून, धीर धरूनच निघावं लागतं. बजाज डॉमिनार ४०० चा ३५ न्यूटन-मीटरचा जोर ६५०० आरपीएमला येतो. ती पुढे जास्त वेगाने झेपावते, पण त्यासाठी गिअर खाली टाकावा लागतो. आमच्यासारख्या दुपदरी रस्त्यावरच्या, दर तासाला थांबणाऱ्या जोडप्याला ३५० सीसीची गाडी पुरते असं माझं मत. महिन्यातून दोनदा पुणे-मुंबई करणाऱ्याने ४०० च्या वर बघावं.

कंपनं आरशात दिसतात. ८० च्या वेगाला आरशातली मागची गाडी ओळखू येत नसेल, नुसती धूसर दिसत असेल, तर तीच थरथर मागच्याच्या तळपायाला तासन् तास बसणार आहे. टाकी १३ ते १५ लिटरची असली की पुरे, कारण पेट्रोल संपायच्या आधीच माणसं थकतात.

६. टेस्ट राइड दोघांनी, पाऊण तास

शोरूमच्या मागच्या गल्लीत दोन किलोमीटर फिरून काहीही कळत नाही. थोडी लांब फेरी मागा. विनंती केली तर सकाळच्या वेळी मिळते. नाही मिळाली तर त्याच मॉडेलची गाडी ओळखीच्या कुणाकडून किंवा भाड्याने एका दिवसासाठी घ्या. लाखोंच्या निर्णयापुढे तो खर्च काहीच नाही.

माझा रस्ता ठरलेला आहे. मुंबई नाक्यावरून महामार्गाने वाडिवऱ्हेपर्यंत जायचं, ७०-८० च्या स्थिर वेगाने, आणि परतताना गावातल्या गतिरोधकांवरून यायचं. वाटेत तीन गोष्टी करा. मोकळा रस्ता बघून ब्रेक जरा जोरात लावा आणि मागचं माणूस किती सरकतं ते विचारा. वरच्याच गिअरमध्ये ५० वरून ७५ पर्यंत ॲक्सिलरेटर देऊन बघा. गतिरोधकावर मागून 'धप्' आवाज आला का, ते ऐका.

मग जागा बदला. मागचं माणूस गाडी चालवू शकत असेल तर त्याला पुढे बसवा, नाहीतर कुणा मित्राला चालवायला सांगा, आणि तुम्ही स्वतः दहा किलोमीटर मागे बसून या. मला ही गोष्ट फार उशिरा सुचली. वळण येतंय हे मागे बसणाऱ्याला दिसत नाही, खड्डा दिसत नाही, ब्रेक कधी लागणार ते कळत नाही. दहा किलोमीटर मागे बसलं की गाडी निवडण्याबरोबरच ती चालवण्याची पद्धतही बदलते.

उतरल्यावर लगेच मत विचारू नका. दहा मिनिटं चालू द्या. कंबर आणि गुडघे उशिरा बोलतात.

७. पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. ३५० आणि ४०० मधला फरक ऑन रोड किमतीत म्हणूनच एवढा मोठा दिसतो. उरलेल्या पैशात मागच्यासाठी आयएसआय मार्कचं, त्याच्या मापाचं चांगलं हेल्मेट आणि जॅकेट आधी घ्या. कायद्याने हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. आपलं महागडं आणि मागच्याचं रस्त्यावरून आणलेलं, असं करू नका.

विम्याच्या कागदावर मागे बसणाऱ्याचा उल्लेख शोधा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत त्याचा धोका धरलेला असेल असं गृहीत धरता येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी घ्या आणि मागच्या व्यक्तीसाठी वैयक्तिक अपघात संरक्षण जोडता येतं का, ते एजंटला स्पष्ट विचारा.

८. गाडी घरी आल्यावर

सामान घट्ट, खाली आणि शक्य तितकं पुढे बांधा. टॉप बॉक्समध्ये फक्त हलक्या वस्तू ठेवा. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं की हँडल तरंगल्यासारखं लागतं.

बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला खाचांची कडी असते आणि टूलकिटमध्ये ती फिरवायचा वाकडा पाना असतो. दोघं निघणार असाल तर कडी दोन-तीन खाचा घट्ट करा, दोन्ही बाजूंना सारख्याच. कित्येकांच्या गाडीतला तो पाना वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलाच सापडतो. मागच्या टायरमध्ये दोघांसाठी एकट्यापेक्षा जास्त हवा लागते. तो आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेन-कव्हरवरच्या स्टिकरवर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. परत आल्यावर कडी आणि हवा दोन्ही पुन्हा एकट्याच्या मापावर आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी एकट्याने ऑफिसला जाताना मागचं चाक प्रत्येक खड्ड्यात उसळेल.